ब्रेकच्या रबराची कुळकथा

गेल्या वर्षी पाऊस सरून आश्विनाचे ऊन पडू लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका रविवारी सकाळी मी सिंहगडाच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीवर भाच्याची वाट पाहत बसलो होतो. चिरंजीव पहाटेच सायकलने गड चढून गेले होते. चढताना दम लागतो तो त्याचा त्याला. उतरताना मात्र धास्ती वाटते ती आमच्यासारख्यांना. सायकल वळणावर दिसायच्या आधी कर्र-कर्र असा आवाज आला आणि ती जवळ येऊन थांबली तेव्हा वासही आला. जळक्या रबराचा, आणि त्यात आणखी काहीतरी, केस जळल्यासारखे.

"मामा, पुढचं चाक धडधडतंय हो. ब्रेक दाबला की झटके देतं," तो म्हणाला. चेहरा उतरला होता.

चाके नवी होती. काळी कुळकुळीत, कार्बनची. त्याच्या तीन महिन्यांच्या पगाराची. आदल्या आठवड्यात ती बसवताना त्याने जुन्या चाकांवरचे ब्रेकचे रबर तसेच ठेवले होते. मी सहज विचारले होते, तर म्हणाला होता, "रबर ते रबर. त्यात काय बघायचंय?" मीही गप्प बसलो. मला तरी काय ठाऊक होते?

दुपारी ते चाक घेऊन आम्ही शहरातल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याने चाकाकडे आधी पाहिलेच नाही. ब्रेकचे रबर काढून उजेडात धरले, सुई घेतली आणि रबरातून एक चकाकता कण टोकरून माझ्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. "साहेब, हे ॲल्युमिनियमचे कण. जुन्या रिमवरून झिजून ह्यात रुतून बसलेत. ह्यानं कानस घासल्यासारखी कार्बनची रिम घासलीय." मग त्याने रिमच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबला. तिथे बोटभर फुगवटी आली होती. "हे चाक आता भिंतीला टांगा. रस्त्यावर नको. अजून दोन वळणं असती, तर काय झालं असतं, ते मी बोलत नाही."

बाहेर आल्यावर भाचा एवढेच म्हणाला, "आईला सांगू नका."

दीड इंचाच्या त्या तुकड्याची मला तेव्हापासून उत्सुकता लागली. चौकशी करता करता लक्षात आले की सायकलीच्या इतिहासात चाक, पेडल आणि साखळी यांची चरित्रे सर्वांनी लिहिली, पण ब्रेकच्या रबराचे चरित्र कोणी धड सांगत नाही. वास्तविक चाकाची रिम जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा तेव्हा ह्या तुकड्याला नवा जन्म घ्यावा लागला आहे. आणि गंमत अशी की सगळे जन्म फिरून तो शेवटी आपल्या एका जुन्या जन्माशी येऊन भेटला.

सुरुवातीच्या सायकलींचा ब्रेक ही फारशी अभिमानाने सांगण्याजोगी वस्तू नव्हे. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पेडलांच्या सायकली निघाल्या, त्यांच्या लाकडी चाकांना बैलगाडीसारखी लोखंडी धाव असे. हॅंडलाची मूठ पिळली की एक दोरी ताणली जाई आणि मागच्या चाकावर लोखंडी पळी दाबली जाई. लोखंडावर लोखंड. पुढे प्रचंड पुढच्या चाकाची ती उंच सायकल आली. तिच्या पुढच्या चाकावर अशीच पळी असे आणि ती जोराने दाबली की स्वार हॅंडलावरून पुढे डोक्यावर पडे. त्यामुळे शहाणे लोक ब्रेकपेक्षा पायांवर अधिक भरवसा ठेवीत. पेडल चाकाबरोबर फिरतच असे. ते उलट दाबून धरायचे.

हे जुने जग दोन गोष्टींनी मोडले. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचा टायर केला. त्या मऊ टायरावर लोखंडी पळी घासणे म्हणजे टायराचे आयुष्य घासणे. आणि शतक पालटण्याच्या सुमारास फ्री-व्हील सर्वत्र पसरले. पेडल न मारता सायकल उतारावर सुसाट सुटू लागली, म्हणजे पायांचा ब्रेकही गेला. मग ब्रेक लावायचा कुठे? टायर सोडला तर उरते रिम. १८९६ साली अर्नेस्ट बोडेन याने नळीतून ओढली जाणारी तार पेटंट केली. ती तार आपल्या मुठीपासून रिमच्या दोन्ही अंगांना आली आणि तिच्या टोकाशी दोन ठोकळे आले. आपल्या कथेचा नायक तो हाच.

ठोकळा कशाचा करायचा, हे मात्र नायकाच्या हाती नव्हते. ते रिमने ठरवायचे. आणि त्या काळी शर्यतीच्या सायकलींची रिम होती लाकडाची.

आज हे ऐकून हसू येते. परंतु वाफेवर वाकवून, थर चिकटवून केलेली लाकडाची रिम हलकी असे, रस्त्याचे हादरे गिळी, आणि तिचा आणखी एक गुण होता, तो नीट समजून घेतला पाहिजे. उतारावर ब्रेक दाबला की उष्णता निर्माण होते. सायकल आणि स्वार मिळून ऐंशी किलो धरा आणि सिंहगडाच्या रस्त्याने सहाशे मीटरच्या आसपास खाली या. जेवढी शक्ती खर्ची पडते तेवढीत दीड लिटर पाणी उकळेल, म्हणजे दहा कप चहा. त्यातला काही भाग वारा घेतो, उरलेला सारा त्या रिमच्या कडेवर आणि त्या चार ठोकळ्यांवर येतो. शर्यतीचे टायर तेव्हा रिमवर डिंकासारख्या चिकटद्रव्याने चिकटवलेले असत. रिम तापली, चिकटद्रव्य पातळ झाले, की वळणावर टायर निसटणार. लाकूड उष्णता वाहून नेत नाही. म्हणून लाकडावर टायर पक्का राही.

तूर द फ्रान्स ह्या शर्यतीचा जनक आंरी देग्रांज ह्याला ही भीती पुरेपूर होती. १९०३ साली त्याने शर्यत सुरू केली. १९१० साली ती पिरेनीज पर्वतात नेली, १९११ साली आल्प्समधल्या गालिबिए खिंडीवरून, म्हणजे अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवरून नेली. माणूस मोठा हट्टी. स्वाराने आपल्या बळावर चढावे आणि आपल्या बळावर उतरावे, यंत्राचे लाड करू नयेत, असा त्याचा खाक्या. गिअर बदलणारे यंत्र त्याने कित्येक वर्षे शर्यतीत येऊ दिले नाही, आणि रिम लाकडाचीच पाहिजे हा नियमही धरून ठेवला. धातूची रिम उतारावर तापेल आणि टायर सुटतील, हे त्याचे म्हणणे. लोक त्याला जुन्या वळणाचा म्हणत. असेलही. पण उष्णतेचा त्याने जो धसका घेतला होता तो खोटा नव्हता. नव्वद वर्षांनी माझ्या भाच्याच्या चाकाने त्याची साक्ष दिली.

आता लाकडावर ब्रेक लावायचा कशाने? कडक रबराने लाकूड सोलवटते, त्याचा मुलामा निघतो, ओल शिरते. तेव्हा त्या काळच्या कारागिरांनी शोधून काढले ते बूच. हो, बाटलीचे बूच. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका जातीच्या ओक वृक्षाची ती साल. झाड न तोडता ही साल दर नऊ-दहा वर्षांनी सोलून काढतात. ती मऊ असते, तिच्यात हवेच्या असंख्य बारीक कोठड्या असतात, आणि मुख्य म्हणजे ती तापली तरी रबरासारखी वितळून चिकट होत नाही. बुचाचा ठोकळा लाकडाला न दुखवता धरी. झिजे तो स्वतः. घरातल्या एखाद्या समजूतदार माणसासारखे त्याचे वागणे होते.

लाकडाचा हा संसार मोडला तो विमानविद्येने. आल्फ्रेड विल्म ह्या जर्मन शास्त्रज्ञाला १९०६ च्या सुमारास ॲल्युमिनियमची एक मिश्रधातू कालांतराने आपोआप कठीण होते असे आढळले. तिचे नाव ड्युराल्युमिन. हवाई जहाजांचे सांगाडे तिचे झाले. मग सायकलवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटले. फ्रान्सच्या मॅव्हिक कंपनीने १९३४ साली ह्या धातूची पोकळ रिम केली. पेटंट घ्यायला गेले तर मारिओ लाँगी नावाच्या इटालियन गृहस्थाने दोनच तास आधी अर्ज टाकला होता, अशी त्या कंपनीच्या इतिहासात नोंद आहे. मग त्याच्याकडून परवाना घ्यावा लागला. त्याच वर्षी आंतोनँ मान्य हा स्वार ही रिम लावून तूरमध्ये उतरला. पण नियम तर लाकडाचा! तेव्हा धातूच्या रिमला लाकडाचा रंग दिला. वर लाकडाचे सोंग, आत ड्युराल्युमिन. मान्यने ती शर्यत जिंकली. सोंगे काढण्यात शर्यतवाले आमच्या बहुरूप्यांना हार जाणारे नव्हेत.

१९३६ साली देग्रांज आजारामुळे शर्यतीच्या कारभारातून बाजूला झाला आणि १९३७ साली धातूच्या रिमला राजरोस परवानगी मिळाली. बुचाचे दिवस संपले. ॲल्युमिनियम उष्णता चटकन सगळ्या रिमभर पसरवते आणि वाऱ्याला देऊन टाकते. त्यावर रबर उत्तम धरते. पुढची पन्नास वर्षे चांगल्या सायकलीचा धडा हाच राहिला, ॲल्युमिनियमची रिम आणि रबराचा ठोकळा. त्यात १९७० नंतर अमेरिकेत मॅथॉसर नावाच्या माणसाने तांबूस रंगाचा ठोकळा आणला. पावसात तो काळ्या रबरापेक्षा बरा धरतो आणि रिम कमी खातो. त्याचे वंशज अजून विकले जातात.

हे झाले शर्यतवाल्यांचे. आमच्या पुण्यात काय होते? आमच्या लहानपणी पुणे हे सायकलींचे शहर होते, आणि ती सायकल म्हणजे काळी, उंच, पोलादी. रिम पोलादाची, वर क्रोमियमचा आरशासारखा मुलामा. ब्रेकला तार नाही, सळया. मूठ दाबली की सळया वर ओढल्या जात आणि चार रबरे रिमच्या आतल्या, स्पोकच्या बाजूच्या अंगाला खालून वर भिडत. उन्हाळ्यात कामचलाऊ. पण पावसाळ्यात! ओला क्रोमियम आणि रबर यांचे सख्य अगदीच नाही. रिम भिजली की पकड कोरड्या पकडीच्या सुमारे एक-दशांशावर येते, असे अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत दिसले आहे. आम्हाला प्रयोगांची गरज नव्हती. श्रावणात उतारावरून येताना दोन्ही मुठी दाबून, घंटी वाजवत, शेवटी चप्पल जमिनीवर घासत थांबायचे हे प्रत्येक पोराला येत होते. वडिलांच्या रागाचा विषय परीक्षेतले मार्क नव्हते, झिजलेल्या चपला होत्या. विलायतेत ह्यावर तोडगा काढला होता, रबराच्या तोंडाला चामडे लावायचे. ते ओल्या पोलादावर बरे धरते, मात्र ते पोलादापुरतेच. ॲल्युमिनियमवर वापरले तर त्यात खडे रुतून रिम ओरखडली जाते. पुन्हा तीच गोष्ट, रिम कोणती ते आधी विचारा.

आता कार्बन. एडिसनने विजेच्या दिव्यासाठी बांबूचे तंतू जाळून कोळशाची तार केली होती, ती ह्या घराण्याची पणजी म्हणायला हरकत नाही. आजच्या बळकट कार्बनतंतूंची वाट १९६१ च्या सुमारास जपानात अकिओ शिंदो यांनी दाखवली, आणि पुढे दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमानसंशोधन केंद्राने त्यांना खरे बळ आणले. हे तंतू एपॉक्सी नावाच्या राळेत बुडवून, थरावर थर देऊन, साच्यात भाजले की पोलादाला लाजवील अशी हलकी वस्तू तयार होते. १९९० च्या आगेमागे फ्रान्समधली कोरिमा, अमेरिकेतली झिप, मग इटलीची कांपान्योलो, अशा कारखान्यांतून कार्बनची चाके निघू लागली. काहींनी शहाणपणाने ब्रेकपुरती ॲल्युमिनियमची पट्टी ठेवली. पण पट्टी जड. हलकेपणाचा मोह फार वाईट. हळूहळू सारीच रिम कार्बनची झाली.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. लाकूड म्हणजे तरी काय? बारीक तंतू आणि त्यांना बांधणारे नैसर्गिक चिकटद्रव्य. कार्बनची रिम म्हणजेही तंतू आणि त्यांना बांधणारी राळ. इतक्या प्रगतीनंतर सायकल फिरून लाकडाच्याच धर्माकडे आली होती. कार्बनची रिमही लाकडासारखीच. जाडीतून उष्णता वाहून न्यायचे नाव नाही. ॲल्युमिनियमच्या मानाने शेकडो पटींनी कमी. ब्रेक दाबला की तापते ते वरचे कातडे, आणि तिथली उष्णता तिथेच साठते. राळ विशिष्ट तापमानाला मऊ पडते. जुन्या चाकांत सव्वाशे-दीडशे अंशांच्या आसपास. साध्या टायरमध्ये शंभर पौंडांच्या घरातला दाब रिमच्या दोन्ही कडांना आतून बाहेर ढकलत असतोच. राळ मऊ झाली की कड फुगते. भाच्याच्या चाकावर कारागिराच्या अंगठ्याला लागली ती हीच फुगवटी.

रबर तापलेल्या कार्बनवर वितळते आणि चिकटते. म्हणजे पकड एकदा जास्त, एकदा कमी. म्हणून झटके, म्हणून कर्र-कर्र. तेव्हा चाके करणाऱ्यांनी नव्या ठोकळ्याचा शोध सुरू केला आणि पहिला हात घातला तो कशाला? बुचाला. कोरिमा आणि झिप यांनी आपल्या कार्बनच्या चाकांसाठी बुचाचे ठोकळे विकायला काढले. देग्रांजच्या वेळचा तो समजूतदार म्हातारा पन्नास वर्षांनी पुन्हा घरी बोलावला गेला. त्याची पकड जरा मऊ, पावसात तर फारच उशिरा लागणारी, आणि झिजतो भराभर. पण रिम तापवत नाही आणि खरडत नाही. मला वाटते, घाईघाईने नवे घर बांधणाऱ्यांना आजोबांचा सल्ला मिळाला तो असा.

पुढे कृत्रिम मिश्रणे आली. स्वित्झर्लंडच्या स्विसस्टॉप कंपनीचे पिवळे ठोकळे एके काळी शर्यतींत सगळीकडे दिसत. कोणाचे लाल, कोणाचे निळे, कोणाचे काळे. रंगावर जाऊ नये. एका कारखान्याचा काळा दुसऱ्याच्या काळ्याशी मुळीच सारखा नसतो. रिमही सुधारली. नव्या राळी दोनशे अंशांच्या पुढेही तग धरतात आणि काहींनी ब्रेकच्या जागेवर बारीक खवले किंवा रेघा पाडल्या, की पाणी निसटावे आणि पकड लवकर यावी. पण अशा खडबडीत रिमला चालणारा ठोकळा गुळगुळीत रिमला चालेलच असे नाही. म्हणून चाक ज्याने केले त्याने सांगितलेला ठोकळा वापरावा, हा नियम कंटाळवाणा असला तरी खरा आहे. दुसरा वापरला तर पुष्कळ कारखाने हमीच नाकारतात.

त्या कारागिराने भाच्याला जे बजावले तेही इथेच लिहून टाकतो, कारण दिवाळीनंतर थंडीत पुष्कळ घरांतली पोरे घाटात जातील. ॲल्युमिनियमवर वापरलेला ठोकळा कार्बनवर कधीही लावायचा नाही, नवा दिसत असला तरी. दोन चाकांचे दोन संच वेगळे ठेवायचे. ठोकळा पूर्ण रिमवर बसला पाहिजे. वर टायरला लागता कामा नये, खाली घसरता कामा नये. पुढचे टोक किंचित आत कललेले ठेवले म्हणजे किंचाळत नाही. नवा ठोकळा पहिल्याच दिवशी मोठ्या उतारावर नेऊ नये, सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा हलका ब्रेक लावून त्याला रिमशी ओळख करून द्यावी. आणि घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. वळणाआधी जोरात दाबावा आणि सोडावा, मध्ये रिमला वारा लागू द्यावा. घाबरट माणूस सबंध उतारभर हलकासा ब्रेक धरून ठेवतो आणि त्यालाच वाटते आपण जपून चाललो आहोत. भाच्याने नेमके तेच केले होते. पावसात पहिला क्षण-दोन क्षण ब्रेक लागणारच नाही असे धरून चालावे, ठोकळा आधी पाणी पुसतो आणि मग धरतो. आठवड्यातून एकदा ठोकळे काढून सुईने तपासावेत.

हे सारे पुराण लवकरच जुने होईल, हे मला माहीत आहे. मोटारसायकलीसारखा तबकडीचा ब्रेक सायकलीला आला. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने शर्यतींत त्याची चाचणी चालू केली, २०१६ मध्ये एका स्वाराच्या जखमेवरून ती मध्येच थांबवली आणि २०१८ साली त्याला कायमची मान्यता दिली. त्याआधीच, २०१७ च्या तूरमध्ये जर्मनीच्या मार्सेल किटेलने तबकडीच्या सायकलीवर एक टप्पा जिंकला होता. आता नव्या महाग सायकलींना रिमचा ब्रेक सहसा नसतोच. उष्णता तबकडी घेते, रिम मोकळी झाली. देग्रांजची काळजी अखेर मिटली म्हणायची. पण रिमचा ब्रेक असलेली लाखो सायकली-चाके घरोघर आहेत आणि जुन्या बाजारात स्वस्त होऊन ती आता हौशी, कमी पैशांच्या पोरांच्या हाती येत आहेत. त्यांच्याबरोबर ठोकळे कोणते आले, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

भाच्याने फुगलेले चाक खरोखरच भिंतीला टांगले आहे. दुसरे मिळवायला त्याला सात महिने लागले. ह्या वेळी चाकाबरोबर त्याच कारखान्याचे ठोकळे आले, आणि जुने ठोकळे ठेवायला त्याने माझ्याकडून लाडवांचा एक रिकामा डबा नेला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले, 'फक्त ॲल्युमिनियम'. परवा आम्ही पुन्हा सिंहगडाच्या पायथ्याशी गेलो होतो. तो उतरून आला तेव्हा मी उठून पुढच्या चाकाच्या कडेला हात लावला. कोमट होती. वास नव्हता.

"आईला आता सांगितलं तरी चालेल," तो म्हणाला.

हा अंक भाऊबीजेला तिच्याच घरी जातो. तेव्हा सांगायचे काही उरले नाही.